कै. फ्लॅश प्लेयर यांस खुले पत्र

रा. रा. फ्लॅश प्लेयरसाहेब यांसी,

सा. न. वि. वि.

गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये, असा आपल्याकडे संकेत आहे. तो तुम्हाला लागू करावा का, यावर बराच विचार केला. एक तर तुम्ही अकाली गेलेला नाही. २५ जुलै २०१७ रोजी ॲडोबीनं, म्हणजे तुमच्या मालकांनीच, पत्रक काढून कळवलं की २०२० च्या अखेरीस तुमचं निधन होईल. आवराआवर करायला अशी साडेतीन वर्षं कुणाला मिळतात? दुसरं म्हणजे तुम्ही धड गेलेलाही नाही. चीनपुरती तुमची वेगळी आवृत्ती तिथली एक कंपनी त्यानंतरही वाटत राहिली, आणि तिच्यासोबत जाहिरातींच्या खिडक्या उघडणारा एक ‘मदतनीस’ संगणकात शिरतो, हे २०२१ मध्ये सुरक्षातज्ज्ञांनी दाखवून दिलं. संकेत बाजूला ठेवायला एवढं पुरे.

तुमचं बालपण गुणी होतं, हे आधी मान्य करतो. ते नाकारलं तर पुढचं सगळं बोलणं पोरकट ठरेल. फ्यूचरवेव्ह नावाच्या छोट्या कंपनीत जोनाथन गे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेननं चालणाऱ्या संगणकांसाठी चित्र काढायचं एक सॉफ्टवेअर केलं होतं, स्मार्टस्केच. ते संगणक काही चालले नाहीत. मग त्याच सॉफ्टवेअरला हालचाल शिकवली आणि १९९६ मध्ये फ्यूचरस्प्लॅश ॲनिमेटर बाजारात आलं. वर्षअखेरीस मॅक्रोमीडियानं कंपनीच विकत घेतली आणि तुमचं बारसं झालं. तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून किंचाळत यायचं आणि एकेक फोटो पट्टीपट्टीनं खाली उतरायचा. तुम्ही ठिपके पाठवण्याऐवजी रेषा कुठून निघते आणि कुठे वळते एवढंच पाठवत होतात, त्यामुळे हलतंबोलतं व्यंगचित्र थोडक्या किलोबाइटांत मावायचं. न्यूग्राउंड्ससारख्या संकेतस्थळांवर शाळाकॉलेजातल्या पोरांनी तुमच्यावर रात्री जागून खेळ आणि कार्टून केले. त्यांच्यामागे ना स्टुडिओ होता, ना निर्माता, ना वितरक. तुमच्या हातून झालेलं सगळ्यात मोठं काम ते. त्याचं श्रेय घ्यायला मात्र तुम्ही कधी पुढे आला नाहीत.

तुमचं मन रमलं ते कंपन्यांच्या संकेतस्थळांच्या पहिल्या पानावर. आधी काळा पडदा. मग शून्यावरून शंभराकडे रेंगाळणारी पट्टी. मग अंधारातून गिरक्या घेत येणारं बोधचिन्ह, दणदणीत संगीत, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘स्किप इंट्रो’. ‘हे बघू नका’ असं सांगणारं बटण हाच ज्याचा सर्वांत लोकप्रिय भाग ठरला, असा दुसरा कलाप्रकार माझ्या ऐकिवात नाही. फोन नंबर शोधायला आलेल्या माणसाला बहुतेक वेळा तो नंबर कॉपीसुद्धा करता येत नसे, कारण तुमच्या पोटातली अक्षरं ब्राउझरच्या लेखी अक्षरंच नव्हती.

देवनागरीचं तर विचारूच नका. भारतीय लिप्या नीट मांडू शकणारं अक्षरयंत्र तुमच्याकडे आलं २००८ मध्ये, दहाव्या आवृत्तीत. म्हणजे बारा वर्षांचे झालात तेव्हा बाराखडी शिकलात. तोवर फॉन्ट आत बसवून मराठी लिहायला जावं, तर ऱ्हस्व वेलांटी भलत्या बाजूला आणि जोडाक्षरं सुटी. त्यावरचा प्रचलित इलाज असा, की मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप करायचा, त्याच्या आकृत्या करून टाकायच्या आणि त्या पानावर चिकटवायच्या. दिसायला मराठी, शोधायला शून्य. त्याच वर्षांत मराठी माणसं हौसेनं युनिकोड शिकत होती, एकेक शब्द शोधयंत्राला सापडेल असा वेबवर आणत होती, आणि तुम्ही मराठी संस्थांच्या पहिल्या पानांवरून मराठी गायब करत होतात. डोळ्यांदेखत, रंगीत, गिरक्या घेत.

पण हे झालं हौसेमौजेतलं नुकसान. खरा हात मारलात तो व्हिडिओवर. त्याआधी वेबवर चित्रफीत बघायची तर रिअलप्लेयर, क्विकटाइम की विंडोज मीडिया हे आधी ठरवावं लागे, आणि त्या तिघांचं आपसात पटत नसे. २००२ च्या सहाव्या आवृत्तीत तुम्ही गुपचूप व्हिडिओ दाखवायला शिकलात. २००५ मध्ये यूट्यूब निघालं, तुमच्याच खांद्यावर बसून. तिघांची भांडणं मिटली आणि तुम्ही एकटे उरलात. लोकांना हायसं वाटलं, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. तुम्ही फुकट होतात, लवकर उतरत होतात, जगातल्या ९९ टक्के संगणकांवर तुम्ही आहात असं तुमचे मालक छाती फुगवून सांगत होते. आता वेबवरची जवळपास प्रत्येक हलती गोष्ट एकाच कंपनीच्या एकाच बंद प्रोग्राममधून जाते आहे, तो प्रोग्राम कुणाला उघडून बघता येत नाही, दुरुस्त करता येत नाही, दुसऱ्या यंत्रावर नेता येत नाही, याचं काय? फुकटच्या आनंदात हा प्रश्न फार जणांना पडला नाही.

ज्यांना पडला त्यांच्याशी तुमची ओळख करून द्यायची आहे. हयातीत तुम्ही त्यांना भेट नाकारलीत, म्हणून हे पत्र.

तुमच्या एसडब्ल्यूएफ फायलींची रचना सांगणारा दस्तऐवज तुमच्या कंपनीनं कधीच प्रसिद्ध केला होता, आणि तुमचे भालदार-चोपदार तो दाखवून ‘आम्ही खुलेच आहोत’ म्हणायचे. परवान्यात बारीकशी अट होती. हा दस्तऐवज वाचून फ्लॅशच्या फायली बनवणारं सॉफ्टवेअर तुम्ही खुशाल लिहा. त्या फायली चालवणारं मात्र लिहायचं नाही. जगानं राबून तुमच्यासाठी माल तयार करावा, दाखवायचा मक्ता तुमचाच. १ मे २००८ पर्यंत ही अट होती. म्हणजे यूट्यूब घराघरांत पोचून स्थिरस्थावर झाल्यावर ती उठवण्याचं औदार्य तुम्ही दाखवलंत.

२००५ मध्ये ॲडोबीनं सुमारे ३.४ अब्ज डॉलरला मॅक्रोमीडिया घेतली आणि तुम्ही नव्या घरी गेलात. त्याच वर्षाच्या अखेरीला ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात ग्नॅशची घोषणा झाली. घोषणा केली जॉन गिलमोर यांनी, आणि वर्षानुवर्षं ओझं वाहिलं रॉब सेव्हॉय यांनी. तुमचंच काम करणारा, पण ज्याचा सोर्स कोड कुणीही वाचावा, बदलावा आणि पुढे वाटावा, असा प्लेयर त्यांना लिहायचा होता. सुरुवात त्यांनी थॅचर उलरिख यांनी सार्वजनिक करून टाकलेल्या गेमएसडब्ल्यूएफ या कोडपासून केली. तुमच्या करारावर ‘मान्य आहे’ म्हणून टिचकी मारली की तुमची अंतर्गत रचना उलगडायला मनाई. त्यामुळे मूळ प्लेयर संगणकावर घेतलेल्यांनी ग्नॅशच्या कोडला हात लावू नये, असं कडक सोवळं पाळलं गेलं. हुबेहूब नक्कल करायची, आणि ज्याची करायची त्याचं तोंडही बघायचं नाही! फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशननं आपल्या तातडीच्या कामांच्या यादीत ग्नॅशला मानाची जागा दिली, यावरून तुमचा जाच किती होता ते कळावं. जगात एवढी कामं पडलेली असताना शहाण्यासुरत्या प्रोग्रामरांना तातडीचं काय वाटलं, तर तुमची नक्कल.

ग्नॅश रांगायला लागतं न लागतं तोच जून २००६ मध्ये तुमची नववी आवृत्ती आली आणि तिच्यासोबत ॲक्शनस्क्रिप्ट ३. त्याच्यासाठी आतलं यंत्र पूर्ण नवं. जुन्या फायलींसाठी जुनं यंत्रही तसंच ठेवलेलं, म्हणजे पाठलाग करणाऱ्यांना आता दोन दिशांना पळायचं होतं. स्वतंत्रपणे चाललेला एसडब्ल्यूएफडेक नावाचा प्रयत्न मागे पडला. २०१० मध्ये अलेस्सांद्रो पिन्योत्ती यांनी लाइटस्पार्क काढलं, ते मुख्यतः नव्या यंत्रासाठी. ग्नॅशनं यूट्यूब चालवून दाखवलं की काही दिवसांनी यूट्यूबच्या बाजूला काहीतरी बदलायचं आणि पुन्हा पाटी कोरी. पैसा आटला, माणसं पांगली. २०१२ मध्ये ०.८.१० ही आवृत्ती निघाली, ती शेवटची. बिचाऱ्याला एकपर्यंत पोचताच आलं नाही.

मधल्या काळात तुमचं दुहेरी वागणं बघण्यासारखं होतं. जून २००९ मध्ये तुम्ही व्हिडिओ वाहून आणणाऱ्या आरटीएमपी या पद्धतीचा दस्तऐवज खुला केलात, त्यातला कूटबद्ध भाग तेवढा वगळून. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, तो भाग स्वतः उलगडून वापरणारं आरटीएमपीडंप हे छोटं मुक्त सॉफ्टवेअर कॉपीराइट कायद्याची नोटीस धाडून सोर्सफोर्ज या संकेतस्थळावरून उतरवायला लावलं होतंत. टाळ्या कुठे वाजवायच्या, ते प्रेक्षकांना कळेना.

लिनक्सवाल्यांवर तर तुमचं विशेष प्रेम. आठवी आवृत्ती तुम्ही त्यांना दिलीच नाहीत. सातवीवरून थेट नववी, तीही जानेवारी २००७ मध्ये, विंडोजच्या मागून महिन्यांनी. संगणक ६४ बिटांचे झाले तरी तुम्ही ३२ वर अडून बसलात, तेव्हा लोकांनी एनएसप्लगइनरॅपर नावाचं खोळ घालणारं सॉफ्टवेअर लिहून तुम्हाला नव्या ब्राउझरमध्ये कोंबलं. २००८ च्या नोव्हेंबरात ६४ बिटांची चाचणी आवृत्ती दिलीत आणि जून २०१० मध्ये काढून घेतलीत. काढून घेतलीत तेव्हा तिच्यात सुरक्षेचं एक माहीत असलेलं भगदाड होतं. ते बुजवलेली आवृत्ती बाकीच्यांना मिळाली, यांना नाही. २०१२ मध्ये जाहीर केलंत की लिनक्ससाठी ११.२ ही शेवटची, पुढचं पाहिजे असेल त्यानं गूगल क्रोम घ्यावा. आणि त्याच ११.२ मध्ये ठरावीक ग्राफिक्स कार्डांवर लाल आणि निळ्या रंगाची अदलाबदल झाली, त्यामुळे यूट्यूबवरचा प्रत्येक इसम निळा दिसू लागला. भारतातले लिनक्सवाले फारसे दचकले नसावेत. आमच्या कॅलेंडरांवर निळी माणसं पूर्वापार आहेत. २०१६ मध्ये, तुमचे स्वतःचे दिवस भरत आल्यावर, तुम्हाला अचानक लिनक्सचा पुळका आला आणि तुम्ही पुन्हा नवी आवृत्ती काढलीत. एवढ्या उशिरा परत येणाऱ्या पाहुण्याला पाणी विचारायचीही रीत नाही, पण लोकांनी विचारलं.

तुमचा हा सगळा दरारा टिकला त्याचं एक कारण तुम्ही नव्हतात. ते सांगितलं नाही तर तुमच्यावर अन्याय होईल.

नक्कल करत बसण्यापेक्षा तुमच्यासारखं ब्राउझरला बाहेरून जोडायचं प्लग-इनच नको, चित्रासारखाच व्हिडिओही पानाचा भाग असावा, हा साधा विचार ऑपेरा कंपनीनं फेब्रुवारी २००७ मध्ये मांडला: एचटीएमएलमध्येच ‘व्हिडिओ’ नावाचा टॅग. आता चित्रफीत कोणत्या स्वरूपात साठवायची ते ठरवायचं होतं. मुक्त पर्याय हजर होता. झिफ डॉट ऑर्ग या संस्थेनं आवाजासाठी व्हॉर्बिस, चित्रासाठी थिओरा आणि दोन्ही बांधून ठेवायला ऑग तयार केलं होतं. पेटंटचं भाडं नाही, परवानगीपत्र नाही. एचटीएमएल ५ च्या मसुद्यात त्यांची शिफारसही आली. डिसेंबर २००७ मध्ये ती गळाली. ॲपल आणि नोकियाचा विरोध होता. नोकियाच्या टिपणात ऑगला चक्क ‘मालकीचं’ तंत्रज्ञान म्हटलं होतं! ज्याचं कुणालाच भाडं द्यावं लागत नाही ते मालकीचं, आणि डझनावारी कंपन्यांच्या पेटंटांची मोळी बांधून विकलं जाणारं एच.२६४ ते सर्वांचं. हे वाचून तुम्हालाही हसू आलं असेल. जून २००९ मध्ये मसुदाकारांनी हात टेकले आणि कुठलंच स्वरूप बंधनकारक न करण्याचं ठरलं. त्याच महिन्याच्या ३० तारखेला फायरफॉक्स ३.५ आला, ऑग थिओरा स्वतःहून चालवणारा. कुठलंही प्लग-इन न उतरवता पानात व्हिडिओ चालताना बघणं हे त्या दिवशी नवल होतं, आणि आज ते नवल होतं हे मुलांना पटत नाही.

थिओराची कुळकथा तुम्हाला माहीत असायला हवी, कारण तुम्ही भाऊबंद. ऑन टू नावाच्या कंपनीनं व्हीपी ३ हे स्वरूप २००१ मध्ये मुक्त करून टाकलं, त्याचं थिओरा झालं. त्याच घरातलं व्हीपी ६ तुम्ही २००५ मध्ये आपल्या आठव्या आवृत्तीत नेऊन बसवलंत. धाकटं व्हीपी ८ कुणाच्या हाती लागतं इकडे सगळ्यांचे डोळे. फेब्रुवारी २०१० मध्ये गूगलनं ऑन टू कंपनी विकत घेतली, आणि लगेच फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशननं गूगलला खुलं पत्र लिहिलं की व्हीपी ८ मुक्त करा आणि यूट्यूबवर वापरा. १९ मे २०१० ला वेबएम या नावानं ते मुक्त झालं. खुल्या पत्रामुळेच झालं असं मी म्हणणार नाही. पण खुली पत्रं लिहिणाऱ्यांना आशा ठेवायला एवढा आधार पुरतो.

थिओरा चित्राच्या सफाईत एच.२६४ च्या मागे होतं, हे त्याच्या चाहत्यांनाही ठाऊक होतं. तरी ते निरुपयोगी नव्हतं. विकिमीडियानं मुक्त स्वरूपांखेरीज काही घ्यायचंच नाही असं धरून ठेवलं, म्हणून मराठी विकिपीडियावरच्या ध्वनिफिती वर्षानुवर्षं ऑगमध्ये राहिल्या. एमपी ३ ला तिथे दार उघडलं ते त्याची पेटंटं संपल्यावर. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पानं मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे, मराठीतही ऐकता येणारे धडे ऑग थिओरात दिले. तुमच्या ९९ टक्क्यांच्या हिशेबात असल्या गोष्टी दिसत नसत.

पुढचं झटपट सांगतो, कारण ते तुम्ही स्वतः भोगलंत. २९ एप्रिल २०१० ला स्टीव्ह जॉब्स यांनी तुमच्याविरुद्ध जाहीर लेख लिहिला: तुम्ही बंदिस्त आहात, बॅटरी खाता, मॅक कोसळण्याचं पहिलं कारण तुम्हीच. सगळं खरं. फक्त हे सांगणारे गृहस्थ आयफोनवर कुठलं ॲप यावं आणि कुठलं नाही याची परवानगी स्वतःच्या हातात ठेवून होते, आणि तुमच्या जागी त्यांनी पुढे केलं ते पेटंटवालं एच.२६४. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा सुरेल असू शकतात, हे त्या दिवशी कळलं. नोव्हेंबर २०११ मध्ये तुम्ही मोबाइलवरून माघार घेतलीत. जानेवारी २०१५ मध्ये ज्या यूट्यूबला तुम्ही खांद्यावर घेतलं होतं ते खाली उतरून चालायला लागलं.

सुरक्षेविषयी बोलायला नको असं ठरवलं होतं, पण एक्सेलचा किस्सा सोडवत नाही. मार्च २०११ मध्ये आरएसए या, इतरांना सुरक्षा विकणाऱ्या, कंपनीतल्या काही कर्मचाऱ्यांना नोकरभरतीच्या आराखड्याची एक एक्सेल फाइल ईमेलनं आली. फाइल उघडली, आणि चोर आत. कुणामुळे? हिशेबाच्या कोष्टकात तुम्ही बसला होतात. कोष्टकात तुमचं काय काम, हे मला अजून समजलेलं नाही. २०१५ च्या जुलैत इटलीतल्या हॅकिंग टीम या हेरगिरीचं साहित्य विकणाऱ्या कंपनीचीच कागदपत्रं फुटली, तेव्हा तुमची कुणालाच माहीत नसलेली भगदाडं तिच्या मालसाठ्यात सापडली. फायरफॉक्सनं तुम्हाला तडकाफडकी रोखलं, आणि फेसबुकच्या सुरक्षाप्रमुखांनी ‘आता तुमची तारीख सांगून टाका’ असं जाहीर म्हटलं.

ती तारीख शेवटी उगवली, आणि तिच्यातच तुमचा खरा स्वभाव दिसला. तुमच्या अखेरच्या आवृत्त्यांमध्ये मालकांनी घड्याळ बसवून ठेवलं होतं: १२ जानेवारी २०२१ पासून तुम्ही काहीच चालवायचं नाही. लोकांच्या संगणकावर, लोकांच्या विजेवर, लोकांनी साठवलेल्या फायली. आणि त्या चालू द्यायच्या की नाही ते दूरच्या एका कार्यालयात ठरलेलं. चीनमध्ये दालियानच्या रेल्वे विभागात त्या दिवशी गाड्यांच्या नियोजनाचं काम ठप्प झालं, कारण ते तुमच्यावर चाललं होतं. तिथल्या कर्मचाऱ्यांनी घड्याळ नसलेली जुनी आवृत्ती शोधून बसवली आणि रात्रीतून गाडं सुरू केलं. दक्षिण आफ्रिकेच्या महसूल खात्याचे विवरणपत्राचे अर्ज तुमच्यात होते. त्यांनी तुम्ही चालाल असा स्वतःचा वेगळा ब्राउझरच काढला. एखाद्या देशाच्या करखात्यानं मेलेल्या प्लग-इनसाठी ब्राउझर वाटावा, हा मान तुमच्याखेरीज कुणाला मिळालेला नाही. साडेतीन वर्षांची पूर्वसूचना होती, असं तुम्ही म्हणाल. होती. पण सोर्स कोड हाती असता तर सूचनेची गरज नव्हती. ज्याला गरज असेल त्यानं आपलं आपण दुरुस्त केलं असतं.

आता तुमच्या वारसांविषयी. पोरांनी रात्री जागून केलेले ते खेळ आणि कार्टून आठवतात? मालकांनी घड्याळ लावलं तेव्हा त्यांचं काय होईल याचा विचार केला गेल्याचं दिसलं नाही. तो केला बाहेरच्यांनी. फ्लॅशपॉइंट नावाच्या स्वयंसेवकांच्या प्रकल्पानं एक लाखाहून अधिक खेळ आणि चलचित्रं गोळा करून जपली. माइक वेल्श यांनी सुरू केलेला रफल हा मुक्तस्रोत प्लेयर रस्ट भाषेत लिहिला गेला आणि वेबअसेंब्लीच्या रूपानं थेट पानात बसतो. काही उतरवायला नको, आणि तुमची भगदाडं वारशात नाहीत. इंटरनेट आर्काइव्हनं नोव्हेंबर २०२० मध्ये रफलच्या आधारे तुमचा जुना संग्रह लोकांसमोर मांडला. ज्यांना तुम्ही ‘फायली बनवा, चालवू नका’ म्हणून दटावलं होतं त्याच जातकुळीच्या लोकांमुळे आज तुमचं नाव निघालं की दाखवायला काहीतरी आहे. मालकाकडे नाही, यांच्याकडे आहे.

या लोकांनी सगळं जिंकलं, असं समजून मात्र हळहळू नका. तुमच्या गादीवर दुसरे बसलेत. १८ सप्टेंबर २०१७ ला डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं कुलूपबंद व्हिडिओसाठीच्या ईएमई या व्यवस्थेला मान्यता दिली, आणि निषेध म्हणून इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशननं त्याच दिवशी संस्था सोडली. आता ओटीटीवर मराठी सिनेमा बघायचा तर ब्राउझरच्या आत बहुधा गूगलचं वाइडवाइन नावाचं बंद यंत्र असावं लागतं. तुम्ही निदान चौकट दाखवून सांगायचात की मला बसवा. हे महाशय आधीच येऊन बसलेले असतात. २०१९ मध्ये एका मुक्तस्रोत ब्राउझर लिहिणाऱ्यानं वाइडवाइनचा परवाना मागितला. चार महिने थांबवून त्याला नकार कळवण्यात आला. तुमच्या १ मे २००८ पूर्वीच्या परवान्याची आठवण यावी असा. शिवाय तुमच्याऐवजी पानात जो जावास्क्रिप्ट कोड व्हिडिओ चालवतो तोही बऱ्याच ठिकाणी कुणाला वाचता येऊ नये असा दडपून बारीक केलेला असतो. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे रिचर्ड स्टॉलमन यांनी २००९ मध्येच त्या सापळ्याबद्दल लिहून ठेवलं होतं. एव्ही १ सारखं भाडं न मागणारं स्वरूप २०१८ पासून आहे, आणि ते चांगलं आहे. स्वरूप मोकळं झालं, कुलूप राहिलं.

आता पत्राचं खरं काम. २०१७ मध्ये तुमच्या निधनाची घोषणा झाली त्याच आठवड्यात एका फिनिश विकसकानं ॲडोबीला विनंतीअर्ज केला होता, की फ्लॅशचा सोर्स कोड जगाला द्या. इतरांकडून परवान्यावर घेतलेले भाग देता येत नसतील तर ते वगळा आणि काय वगळलं एवढी चिठ्ठी ठेवा. हजारो लोकांनी पाठिंबा दिला. कोड काही आला नाही. व्हिडिओ उलगडणारे कोडेक दुसऱ्यांचे, पेटंटं दुसऱ्यांची, जुने करार कुठे तरी कपाटात, या अडचणी असतील. त्या खोट्या आहेत असं मी म्हणत नाही. मग निदान एक करा. रफल लिहिणाऱ्यांची सध्याची डोकेदुखी तुमचे गुण नसून तुमच्या चुका आहेत. वीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या खेळातला ससा तुमच्या गणितातल्या चुकीच्या भरवशावर भिंतीतून पलीकडे उडी मारतो. रफलनं गणित बरोबर केलं की ससा भिंतीवर आपटतो आणि खेळ पुढे सरकत नाही. त्यामुळे ही मंडळी जुनी आवृत्ती शेजारी चालवून, एकेक आकडा ताडून, तुमच्या चुका जशाच्या तशा परत करायच्या खटपटीत असतात. कोड नको, कारणं नकोत. कुठल्या आवृत्तीत नेमकी कुठली चूक कशी होत होती, तेवढी यादी त्यांच्या पत्त्यावर पाठवून द्यावी. यादी मोठी होईल, टपालखर्च आम्ही सोसू.

कळावे,

आपला,
प्लग-इन काढून टाकलेला एक वापरकर्ता